चिमीच्या बिंदल्या

सोनाराने चिमट्यात धरलेली बिंदली दिव्यापाशी नेली, फुंकणीने ज्योत तिच्यावर वळवली आणि पाहता पाहता तिच्यावरचा पांढरेपणा उडून गेला. अगदी खरोखरच उडाला. दिसेल न दिसेल असा बारीक धूर वर गेला आणि खाली पिवळं सोनं राहिलं. जरा मळकट, पण पिवळं. पाटावर बसलेली नीलिमा नकळत पुढे वाकली. "दूर हो बाई, मुँह फेरो," हासानंद चिमटा लांब धरत म्हणाला आणि त्याने स्वतःचीही मान दुसरीकडे वळवली. मग दुसरी बिंदली. तीही पिवळी झाली. दोन्ही त्याने पाण्यात टाकल्या, फडक्याने पुसल्या आणि कसोटीच्या दगडावर एक रेघ ओढली. "सोना सच्चा आहे. एकदम पुराना, घर का सोना. कोण बोलला खोटा?"

कोण बोललं हे त्याला सांगण्यासारखं नव्हतं. अंबरनाथ पश्चिमेला, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या कारखान्यातल्या ऑफिसरच्या बायकोने उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात येऊन, बराकीतल्या एका अनोळखी सिंधी सोनारापुढे पोरीच्या बिंदल्या ठेवायच्या, त्याचं कारण एवढंच, की आपल्या गावच्या सोनाराकडून ही गोष्ट संध्याकाळपर्यंत साऱ्या आळीत गेली असती. घरी तिने झंपराचं कापड आणायला जाते म्हणून सांगितलं होतं. आणि आता खरं म्हणजे तिला हसू यायला हवं होतं. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते तर झालं होतं. भाऊ, ऐकलंत का, ती मनात म्हणाली. सोनं खरं आहे. आईच्या पाटल्या मोडून तुम्ही नातीला बिंदल्या केल्यात, त्या खऱ्या आहेत. पण भाऊ कुठे ऐकायला होते! तिचे वडील वैशाखातच गेले. पेणच्या शाळेत जन्मभर मुलांना शिकवलेला माणूस, विहिणीपुढे मात्र मान खाली घालून बसला होता. "सोनाराने फसवलं असेल मला," एवढंच म्हणाले होते. आपलं सोनं खरं आहे हे त्यांना माहीत होतं, पण बिंदल्या तर डोळ्यांदेखत पांढऱ्याफटक पडलेल्या होत्या आणि वाद घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. शिवाय चिमी तेव्हा आत खाटेवर होती. आजारी पोरीच्या उशाशी सोन्याचा वाद काय घालायचा, असंही त्यांना वाटलं असेल. माईंना मात्र तसं काही वाटलं नाही. नीलिमाच्या सासूबाई मनाने वाईट नव्हत्या, जिभेने होत्या. "आजोळचं सोनं, पाहा कसं चांदीचं झालं," असं त्या चारचौघींत हसत हसत म्हणाल्या आणि त्या हसण्याचा काटा नीलिमाच्या अंगात रुतून राहिला. परवा शेजारणीच्या नातवाच्या बारशाचं बोलणं निघालं, तर त्या पुन्हा म्हणाल्या, "तिकडचं सोनं पारखून घ्या हो, आमच्यासारखं नको." तेव्हाच नीलिमाने ठरवलं, की पुरे. भाऊंच्या तोंडाला फासलेलं हे काळं पुसायचं, आणि पुसून ते माईंच्या पुढ्यात ठेवायचं. बास, मग जन्मात काही मागायचं नाही.

"मग पांढऱ्या कशा झाल्या?" तिने विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती. सोनं खरं आहे एवढं घेऊन तिने उठायला हवं होतं. पुढे कितीदा तरी तिला वाटलं, तेवढं घेऊन उठले असते तर! पण माणूस विचारतं.

"पारा," हासानंद म्हणाला. "पारा सोने को देखता है, तो छोडता नहीं. खा जातो. तुमचा घर में पारा कुठून आला? बच्चे का हाथ लगा होगा."

"आमच्या घरी पारा कुठला?"

"तो फिर कैसा होगा?" त्याने खांदे उडवले. सिंधमधल्या आपल्या गावची आठवण येऊन की काय, तो सांगू लागला. "मेरा बाप वहाँ झारेकरी का काम करता था. दुकान का कचरा धोनेवाला. कचरे में पारा घुमाओ, तो सोना पकडता है. फिर पारा जलाओ, सोना रहता है. अच्छा काम आहे, पण धुआँ बुरा. बाप का हाथ काँपता था, पाणीचा गिलास पकडता नव्हता. दाँत एक एक गिर गये, खून भी नहीं. म्हणून मी मुँह फेरता. आदत." आणि तो हसला.

दात. रक्त नाही. नीलिमाला हासानंदचे ओठ हलताना दिसत होते, पण पुढचं काही ऐकू येईना. चिमीचा दात. चिमी अडीच वर्षांची. दात यायचं वय, पडायचं नव्हे. एके सकाळी ती खाटेवर उठून बसली, तोंडात बोट घातलं आणि दात काढून आईच्या हातावर ठेवला. रडली नाही. इतर वेळी ती अखंड रडायची, नुसतं कुशीवर वळवलं तरी रडायची, पण त्या वेळी तिने तो दात असा दिला, जसा भातुकलीतला लाडू द्यावा. हिरडीला रक्ताचा टिपूस नव्हता. नीलिमाने तो दात कुंकवाच्या करंड्यात ठेवला. कल्याणच्या डॉक्टरांना दाखवला, तर ते म्हणाले अशक्तपणा आहे, संत्र्याचा रस द्या. ते भले गृहस्थ होते. त्यांनाही कुठे काय माहीत होतं. त्यांनी तिचे तळहात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, असा गुलाबी रंग मी पाहिलेला नाही. गुलाबी! सगळ्यांना तेच आधी दिसायचं. चिमीचे हात कोपरापर्यंत नव्हे, फक्त पंज्यापुरते, आणि पावलं घोट्यापर्यंत, गुलाबाच्या पाकळीच्या रंगाची झाली होती. शेजारच्या वेणूबाई म्हणाल्या, लक्ष्मीचे हात आहेत हो. माई म्हणाल्या, कुंकवाच्या हातांनी आली आहे पोर. आणि खोटं कशाला बोलायचं, नीलिमालाही ते हात सुंदर वाटले होते. तिने त्यांचे मुके घेतले होते. नंतर त्यांची कातडी सुटायला लागली, बोटांच्या टोकांपासून पातळ पापुद्रे निघायला लागले. चिमी घामाने भिजून जाऊ लागली, तिला उजेड सोसेना. खिडकी उघडली की ती तोंड उशीत खुपसायची, आणि उशी काढली की आईच्या मांडीत. दिवसा घराची दारं-खिडक्या लावून दोघी अंधारात बसायच्या. त्या अंधारातच बिंदल्या पांढऱ्या पडल्या. शेवटी साबण लावून त्या काढाव्या लागल्या, तेव्हा मार्गशीर्ष लागला होता.

आमच्या घरी पारा कुठला, असं ती म्हणाली होती ना? हे शब्द अजून तिच्या तोंडाशीच होते आणि आतून एक एक गोष्ट आपणहून पुढे येऊ लागली, बोलावल्यासारखी. आषाढातली दिव्याची अवस. माईंनी माळ्यावरचे सगळे दिवे खाली काढलेले, समया, निरांजनं, लामणदिवा, आणि पाटावर चिंचेचा गोळा. तेवढ्यात जिवली आली. जिवली त्यांच्याकडे धुणंभांडी करायची. मूळची बदलापूरच्या पलीकडची, बारवी नदीच्या अंगाच्या डोंगरातल्या वाडीची. नवऱ्याला, नवसूला, चार नंबर कॅम्पात कुठेसं काम लागलं म्हणून खाली उतरलेली. तिच्या हातात करवंटी होती आणि करवंटीत राख. "माई, ह्या राखंनं घासा दिवं," ती म्हणाली. "माजा नवरा काम करतो थितली हाय. चांदीवानी व्हतात." मैद्यासारखी मऊ, करड्या रंगाची राख. माईंनी चिमूटभर घेऊन तांब्याच्या पळीवर घासली आणि पळी खरंच चांदीची झाली. तांबं पांढरंशुभ्र! माई लहान मुलीसारख्या हरखल्या. ती राख कसली आहे हे कोणी विचारलंच नाही. राख ती राख. तिने भांडी घासतात, दात घासतात, लग्नाच्या आधी देव उजळतात. राखेला कोण विचारतं कुठल्या चुलीची म्हणून? माईंनी तिला पत्र्याच्या डब्यात देवघरात जागा दिली आणि त्या दिवसापासून घरचे देव चांदीचे झाले. ताम्हन, पंचपात्री, पळी, बाळकृष्ण. रोज सकाळी पूजा झाली, की माई त्याच पळीने, त्याच पंचपात्रीतलं तीर्थ चिमीच्या तळहातावर घालायच्या. चिमी ते सुर्रकन ओढायची, ओला हात डोक्यावरून फिरवायची आणि पुन्हा हात पुढे करायची. "अजून." माई हसून अजून एक पळी घालायच्या. नातीला तीर्थाची गोडी आहे याचं त्यांना काय कौतुक!

आणि ते मोती. देवा, ते मोती! डब्याच्या तळाशी कधी कधी बारीक चकचकीत थेंब सापडायचे. चिमीने आपली भातुकली काढावी, इवलीशी पितळी पातेली, तांब्या, पळी, आणि बसावं घासत. बोटाने राख घ्यायची आणि घासायचं. मध्येच एखादा थेंब फरशीवर पडून पळायचा आणि चिमी त्याच्यामागे रांगत जायची, बोट लावलं की त्याचे दोन व्हायचे, दोनाचे चार. ती खदखदा हसायची. नीलिमा तिथेच तांदूळ निवडत बसलेली असायची. तिला वाटायचं राखेत चांदी वितळली असेल, काही असेल. तिने एकदा स्वतः ते थेंब गोळा करून चिमीच्या पातेल्यात घातले होते. "घे, तुझी खीर." आत्ता, या बराकीत, हासानंदच्या दिव्याच्या उबेजवळ बसून तिला आपला तो हात दिसला, खीर देणारा, आणि तिला वाटलं हा हात कुठे तरी ठेवून द्यावा, बरोबर घेऊन घरी जाऊ नये.

"बाई, पाणी पाहिजे?" हासानंद विचारत होता. तिने मान हलवली. बिंदल्या रुमालात बांधून घेतल्या. काही घ्यायला तो तयार नव्हता. बच्चे का है, म्हणाला. तिने विचारलं, "इथे तो कचरा धुतात ती जागा कुठे आहे?" त्याने बोटाने दाखवलं. बराकीच्या रांगेमागे, नाल्याच्या कडेला, जिथे सगळ्या सोनारांच्या दुकानांतली झाडलोट पोत्यांनी जाते. "पण तिकडे तुमच्यासारखं कोण जात नाही," तो म्हणाला.

तिला जायचं नव्हतं. पाय जात होते. जिवली चिमी गेल्यावर महिनाभर येत राहिली, मग पोटातल्या पोरीचे दिवस भरले म्हणून तिने काम सोडलं. ती बाळंत झाली, मुलगी झाली, एवढं कळलं होतं. चिमी गेली त्या दिवशी ती मागच्या दारी जमिनीवर बसून रडली होती, छाती पिटून, मोठ्याने, घरातल्या कोणाला तसं रडता येत नव्हतं म्हणून जणू सगळ्यांच्या वाटचं. नीलिमा आत कोरडी बसून तिचं रडणं ऐकत होती आणि तिला त्या रडण्याचा आधार वाटला होता. तिच्यावर आता रागवायचं का? राग शोधून पाहिला. नाल्याच्या बाजूने चालताना, पायांखाली करड्या रंगाचा चिखल लागत असताना, तिने मनात सगळीकडे शोधलं. जिवलीवर नाही. तिने देवाच्या दिव्यांसाठी जे चांगलं दिसलं ते आणलं. माईंवर? त्यांनी तीर्थ दिलं. मग कोणावर? त्या झारेकऱ्याच्या शेटवर, ज्याचं तोंडही तिने पाहिलेलं नव्हतं? तो काय म्हणेल, मी कचरा टाकला, तुम्हाला उचलून देवघरात न्या म्हणून कोणी सांगितलं? राग धरायला तिला काहीच सापडेना. नुसतं दुःख राहिलं.

जागा तिने वासावरून ओळखली. तेजाबाचा घसा खरवडणारा वास. पत्र्याची एक लांब शेड, पुढे दगडी हौद, आणि हौदापासून नाल्यापर्यंत साचत साचत गेलेला गाळाचा ढीग, वाळून करडा झालेला, मैद्यासारखा मऊ. ढिगाच्या कुशीलाच दोन खोपटी. त्यांतल्या एका खोपटापुढे जिवली अंगण सारवत होती. शेणात तोच गाळ कालवून. आणि अंगणाच्या वाळलेल्या अर्ध्या भागात एक पोर पालथी पडून, जमिनीला हात लावत, उठायचा प्रयत्न करत होती.

"वयनी!" जिवली उठून उभी राहिली. हात चिखलाने भरलेले, तोंडभर हसू. "तुमी? इकडं? काय झाला, माई बऱ्या हायेत ना?" तिने घाईने एक गोणपाट आणून अंथरलं. नीलिमा बसली नाही. "सारवन बगा कसा आलाय," जिवली म्हणाली. "फरशीवानी. ही माती लई चांगली, भेगा पडत नाय." शेडच्या दाराशी नवसू आला, त्याने रामराम केला, आणि केलेला हात खाली गेला तरी कापत राहिला. तो हात दुसऱ्या हाताने धरून तो आत गेला. "पितो म्हनतात त्याला," जिवली हळू आवाजात म्हणाली. "थेंब शिवत नाय वयनी, तुमची आन. हातच असा झालाय." माईंचाही हात असाच कापायचा. त्यांनी वातीला काडी लावायला घेतली, की काडी विझायची, आणि त्या म्हणायच्या, वय झालं.

मग जिवलीने पोरीला उचललं आणि पदराने तिचं तोंड पुसून नीलिमापुढे धरलं. "ही राही. बगा तरी. हात बगा तिचं." तिने अभिमानाने पोरीची मूठ उघडून दाखवली. "बामनाच्या पोरीवानी झाल्यात. गुलाबी. मी ह्याला म्हनला, चिमीचं हात हायेत. चिमीच आली म्हनला."

नीलिमाने तो तळहात हातात घेतला. गरम होता, घामाने ओला. करंगळीच्या टोकाशी कातडी किंचित सुटली होती. पोरीने उन्हाकडे पाठ केली आणि आईच्या मानेत तोंड खुपसलं. चिमीच्या वेळी नीलिमाला काही माहीत नव्हतं. आता माहीत होतं. हातात हात होता आणि माहीत होतं.

"उजेडात रडते का ही?" तिने विचारलं.

"आताशा रडतेय. दात येत असतील."

"जिवले, ऐक. ही माती विषारी आहे. ह्या मातीत पारा आहे. नवसूचा हात त्यानेच कापतो. हिचे हात त्यानेच असे झालेत. हे चांगलं नाही, हा रोग आहे. आज, आत्ता हिला घेऊन इथून जा."

जिवली हसायची थांबली. तिने पोरीचा हात पुन्हा पाहिला, मग अंगण, मग आपले कोपरापर्यंत भरलेले हात. तिने राहीला गोणपाटावर ठेवलं आणि कितीतरी वेळ ते हात तसेच अंगापासून दूर धरून ठेवले. मग हळूच म्हणाली, "चिमीचं हात पन असंच व्हते."

नीलिमा पोरीशेजारी गोणपाटावर बसली.

"वयनी. मीच आनली व्हती ती राख. दिव्यास्नी." तिचा आवाज बारीक होत गेला. "चिमी..."

हा प्रश्न येणार हे नीलिमाला वाटेतच कळलं होतं. उत्तर मात्र ठरलेलं नव्हतं. "नाही," ती म्हणाली. "चिमीला ताप होता. डॉक्टर म्हणाले ना, ताप डोक्यात गेला. तिचं वेगळं होतं." आणि जिवली तिच्याकडे बघत राहिली म्हणून आणखी एकदा म्हणाली, "वेगळं होतं गं." बोलताना तिला स्पष्ट जाणवलं, की आपल्या पोरीचं मरण आपण आत्ता आपल्या हाताने पुन्हा निनावी करून टाकलं. वर्षभर तिने देवाला एकच विचारलं होतं, का? आज उत्तर मिळालं होतं, आणि ते उत्तर कोणालाच सांगता येण्यासारखं नव्हतं.

जिवलीने मान हलवली. तिने विश्वास ठेवला की ठेवल्यासारखं केलं, ते नीलिमाला कधीच कळलं नाही. ती हौदाकडे निघाली, मग थबकली, आणि तिथे हात न धुता लांबच्या नळावर जाऊन धुऊन आली. "जाऊ कुठं? शेट राहायला जागा देतो, म्हनून तर हिथं."

"आईकडे जा. वाडीवर. भात झोडायचे दिवस आहेत, माणूस लागतंच. नवसूला मागून येऊ दे. आणि परवा मी बदलापूरला येते, हिला कल्याणच्या डॉक्टरांकडे नेऊ. ह्या वेळी मी सांगेन त्यांना काय झालंय ते." 'ह्या वेळी' हे शब्द तिच्या तोंडून निसटलेच. जिवलीने ते ऐकले न ऐकलेसे केले.

नीलिमाने रुमाल सोडला. बिंदल्या उन्हात पिवळ्या दिसल्या. दाबून लहान केल्या तेव्हा त्या राहीच्या मनगटात बसल्या. चिमीच्या बारशाला भाऊंनी आपल्या हातांनी अशाच दाबून घातल्या होत्या, आणि म्हणाले होते, आजीने तुझे हात धरलेत हो. जिवली मागे सरली. "नको वयनी. सोनं नको. चिमीच्या हायेत."

"म्हणूनच. ह्या तिच्या हातात राहू देत. रोज बघत जा. पिवळ्या आहेत तोवर पोर बरी. पांढऱ्या पडल्या, की समज ती परत त्या मातीत गेली. सोन्याला पारा लपवता येत नाही." हे तिला अर्ध्या तासापूर्वी ठाऊक नव्हतं.

"लोक म्हनतील, चोरलं."

"पितळेच्या आहेत म्हण," नीलिमा म्हणाली. "खोट्या आहेत म्हण."

तिने त्यांना स्वतः टांग्यात बसवलं आणि बदलापूरच्या रस्त्याला लावून दिलं. गाठोडं एकच होतं. वळणावर जिवलीने मागे पाहिलं की नाही हे तिला दिसलं नाही, कारण पोरीच्या डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून जिवलीने स्वतःचा पदर पुढे ओढून घेतला होता, आणि ते कोणी न शिकवता तिला सुचलं होतं.

घरी परत चालत येताना तिला दोन गोष्टी कळत होत्या. एक, की भाऊ निर्दोष ठरले आहेत. दुसरी, की ते कोणाला सांगता येणार नाही. सोनं खरं होतं म्हटलं, की पुढचा प्रश्न मग पांढरं कसं झालं. आणि त्याचं उत्तर देवघरात, पत्र्याच्या डब्यात. माई हुशार होत्या. पळी, तीर्थ, अजून एक पळी, हे सगळं त्या रात्रीत जुळवतील. आणि मग त्या हातांचं काय करतील? नीलिमाला स्वतःच्या हाताचं काय करावं हे सुचत नव्हतं. त्या तर सत्तरीच्या. भाऊ, मला क्षमा करा, ती वाटभर म्हणत राहिली. तुम्ही काही बोलला नाहीत, मीही बोलत नाही. तुमचीच मुलगी.

दिवेलागण झाली होती. माई देवघरापाशी बसून फुलवात वळत होत्या. नीलिमा चपला काढून सरळ आत गेली आणि कोनाड्यातला डबा उचलला. "ही राख आता पुरे, माई. देवांना चिंचच बरी." डब्याचं झाकण तिने घट्ट दाबलं. आणि मग डबा हातात घेऊन उभी राहिली, कारण तो टाकायचा कुठे? मोरीत टाकला तर पाणी गटारात जाणार, परसात टाकला तर तिथे शेजारची पोरं खेळतात, नाल्यात टाकला तर तो पुन्हा कोणाच्या तरी अंगणाशी येणार. जगात अशी जागा नव्हती. तिने तो आपल्या लोखंडी ट्रंकेत, चिमीच्या झबल्यांखाली ठेवला आणि कुलूप लावलं. तिथे आता कोणी हात घालणार नव्हतं.

"कापड कुठाय?" माईंनी विचारलं.

"कापडाला गेलेच नव्हते. सोनाराकडे गेले होते. बिंदल्या घेऊन."

माईंचे हात थांबले. "मग?"

"खोट्या निघाल्या. तुमचं खरं होतं. तिथेच देऊन आले, घरात कशाला ठेवायच्या."

तिला वाटलं माई आता ते हसू हसतील. त्यासाठी तिने मन घट्ट करून ठेवलं होतं. पण माईंनी वळलेली वात उकलली, पुन्हा वळली. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी पुसलंही नाही. "मला वाटत होतं, खरं निघावं," त्या म्हणाल्या. "रोज देवाला म्हणत होते मी. तो माणूस माझ्यापुढे मान घालून बसला आणि तसाच गेला गं. माझ्या तोंडाने बोललं गेलं, आणि मागे घ्यायचं राहून गेलं. खरं निघालं असतं, तर निदान त्याच्या फोटोपुढे हात तरी जोडले असते. चूक झाली म्हटलं असतं. तेवढं मोकळं व्हायचं होतं मला, जाण्याआधी."

एक शब्द. नुसतं "खऱ्या आहेत" एवढं म्हटलं असतं, तर भाऊही सुटले असते आणि माईही सुटल्या असत्या. निदान दुसरा प्रश्न सुचेपर्यंत. नीलिमाच्या ओठांवर तो शब्द आला. समोर पंचपात्री होती, पांढरी, लखलखीत, आणि तिच्यात पळी उभी होती.

माईंनी काडी ओढली. हात कापला आणि काडी विझली. दुसरीही विझली. "तूच लाव बाई," त्या म्हणाल्या आणि काड्यापेटी तिच्याकडे सरकवली. नीलिमाने दिवा लावला. दोघींनी हात जोडले.

"तुझा बाप वाईट नव्हता," माई म्हणाल्या. "सोनाराने फसवलं असेल त्याला."

"हो माई," नीलिमा म्हणाली. "फसले ते."